नईम सुलेमानोग्लूही हवाच

जगातल्या ताकदवान माणसांचा विषय निघाला की प्राचीन ग्रीक मल्ल मायलो आणि आपले गामा पैलवान यांची नावं निघतात, पण अंगाच्या वजनाच्या मानाने ताकद बघायची तर वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लूला तोड नाही. उंची पाच फुटांच्या आत, वजनगट ६० किलोचा. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये या गड्याने क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलायचा प्रकार) १९० किलो उचलले. स्वतःच्या तिपटीहून जास्त, तेही हात ताठ करून डोक्यावर!

मूळचा बल्गेरियातला तुर्की. तिथल्या सरकारने तुर्कांची नावं जबरदस्तीने बदलली, त्यात याचंही गेलं. १९८६मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेला गेला तो निसटलाच, थेट तुर्कस्तान गाठलं. सोलमध्ये खेळता यावं म्हणून तुर्कस्तानने बल्गेरियाला रग्गड पैसे मोजले. पुढे १९९२ आणि १९९६लाही सुवर्णपदक त्याचंच.