मदत हवी आहे: जुन्या महिंद्रा पिकअपला कोणकोणत्या गाडीचे पार्ट बसलेत?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात केळी वाहायला जुनी महिंद्रा पिकअप घेतली आहे. चेसिस दणकट आहे, पण आधीच्या मालकांनी मिळेल तो पार्ट टाकून ती चालवलेली दिसते.

सगळ्यात मोठं कोडं मागच्या हाऊसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या एक्सल-गिअरच्या पेटीचं. टॉप गिअरलाही इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे पळत नाही. दोन्ही मागची चाकं उचलून, दोन्ही सोबत बरोबर एक फेरा फिरवली, तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या हाऊसिंगला जाणारा दांडा) पाचाच्या वर साधारण एक तृतीयांश फेरा जास्त फिरतो. म्हणजे ८ आणि ४३ दातांचं, ५.३८ प्रमाणाचं क्राउन-पिनियन (हाऊसिंगमधली गिअरची जोडी)? हे तर जुन्या सीजे-३बी जीपचं प्रमाण! नुसतं क्राउन-पिनियन बदललंय की अख्खं हाऊसिंगच जीपचं आहे, हे बाहेरून कसं ओळखायचं? डावीकडून ऑइल गळतंय. चुकीचं सील आणून पुन्हा सगळं खोलायची इच्छा नाही.

दुसरं इंजिन. आरसीवर २५२३ सीसी आहे, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं एमडीआय. पण हेडवर हीटर प्लग (थंड इंजिन चालू करायला मदत करणारे) दिसतात, जे अशा इंजिनाला सहसा नसतात. मला २४९८ सीसीच्या प्युजो बनावटीच्या एक्सडी३पी इंजिनाची शंका येते. ब्लॉकवरचा नंबर रंगाखाली दबलाय. तो नेमका कुठल्या बाजूला कोरलेला असतो? आरसीशी जुळला नाही तर पासिंग अडेल, म्हणून हे आधी कळायला हवं.

ब्रेकचे ड्रमही डावा-उजवा वेगळे आहेत, पण ते जोडीनेच बदलणार.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे जुन्या महिंद्राचा जाणकार मिस्त्री कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. मी गाडी घेऊन येईन.