डिहायड्रेटरमध्ये वाळवलेल्या टोमॅटोला बुरशी लागली, कुठे चुकलं?

जाणकारांची मदत हवी आहे.

दोन महिन्यांपूर्वी डिहायड्रेटर घेतला. पाच ट्रे, पंखा तळाशी. सफरचंदाच्या चकत्या पहिल्याच वेळी छान झाल्या, त्यामुळे हुरूप आला आणि तीन किलो टोमॅटो वाळवायला घेतले. आठव्या दिवशी बरणी उघडली तर आंबूस वास, आणि दोन-तीन फोडींवर पांढरी लव. सगळं टाकून दिलं. फार वाईट वाटलं.

केलं होतं ते असं: प्रत्येक टोमॅटोच्या उभ्या चार फोडी. पुस्तिकेत 57 अंश लिहिलंय, पण लवकर होईल म्हणून मी 70 वर लावलं. सात तासांनी फोडी हाताला कडक लागल्या, तशा गरमच बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी काचेला आतून बारीक दव धरलेलं दिसलं होतं. तेव्हा लक्ष दिलं नाही, याची आता चुटपुट लागली आहे.

टाकण्याआधी एक फोड मधोमध कापून पाहिली. वरून चामड्यासारखी, आणि सालीलगत लालभडक ओला गर. दाबल्यावर बोटाला रस लागला. म्हणजे वरचा थर आधी कडक होऊन पाणी आत कोंडलं, असंच ना? शिवाय खालच्या ट्रेमधल्या फोडी काळपट आणि वरच्या मऊ, हे कसं टाळायचं? आणि पुरतं वाळलंय हे ओळखायचं कसं?

मुलगी पुढच्या महिन्यात पंधरा दिवस डोंगरात चालायला जाणार आहे. हे टोमॅटो आणि गाजर-मटार तिच्या पिशवीत जायचे आहेत. तिथे पोट बिघडून चालणार नाही, म्हणून इतकं खोदून विचारते आहे.

प्रतिसाद

तुमचं निदान बरोबर आहे. जास्त उष्णतेने बाहेरून कवच धरतं आणि आतल्या पाण्याला वाट उरत नाही. तापमान 57 च्या आसपासच ठेवा आणि वेळ लागेल तेवढा लागू द्या, दहा-बारा तासही लागतात. चार फोडींऐवजी साधारण 6 मिलिमीटरच्या चकत्या करा, एकमेकींना चिकटू देऊ नका. पंखा तळाशी असला की खालच्या ट्रेला सगळ्यात गरम हवा मिळते, म्हणून दर दोन तासांनी ट्रेची अदलाबदल हवीच. अर्धवट वाळलेल्या मालात मध्येच ताज्या फोडी टाकू नका.

गरम फोड नेहमी मऊ लागते, त्यामुळे गार करूनच तपासा. फाडली की कडेला पाण्याचा थेंबही दिसता कामा नये. त्याहून खात्रीचा उपाय वजनकाटा. टोमॅटोत सुमारे 94-95 टक्के पाणी असतं. किलोभर चकत्यांचं वजन शंभर ग्रॅमच्या वर राहिलं तर अजून ओल आहे हे नक्की.

मग बरणी दोन तृतीयांशच भरा आणि आठ-दहा दिवस रोज हलवा, म्हणजे राहिलेली ओल सगळीकडे सारखी पसरते. काचेवर दव आलं की लगेच परत डिहायड्रेटरमध्ये. बुरशी दिसली तर मात्र वरवरच्या फोडी काढून भागत नाही, तुम्ही सगळं टाकलंत ते योग्यच.

गाजर-मटार आधी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून घ्या. रंग टिकतो, आणि नंतर पाण्यात लवकर फुलतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. परवा पुन्हा लावले: एक किलोच्या चकत्या, 57 अंश, ट्रे फिरवत राहिले. साडेअकरा तास लागले, वजन भरलं 68 ग्रॅम. गार झाल्यावर एक चकती वाकवली तर कडेला तडकली. बरणी रोज सकाळी हलवते आहे, आज तिसरा दिवस, काच अजून कोरडी आहे. आठ दिवस झाले की इथेच कळवते. गाजरं उद्या लावते.