लिफ्टशेजारचा वजनांचा तक्ता

नीलिमा, सी-२०३: सचिव महोदय, सप्रेम नमस्कार. ‘गणेशोत्सवापूर्वी वजन घटवा’ या स्पर्धेत भाग घेतलेल्या सभासदांची वजने फ्लॅट क्रमांकासह आमच्या विंगच्या लिफ्टशेजारी लावलेली आज सकाळी पाहिली. हे आकडे आम्ही नोंदवहीसाठी दिले होते, दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सर्वांनी वाचावेत म्हणून नव्हे. तक्ता आजच काढावा. थकबाकीदारांची यादी लावली तेव्हा काय झाले होते, ते समिती विसरली नसेल अशी आशा आहे.

आपटे, सचिव: नीलिमाताई, आपल्या भावना पोहोचल्या. तक्ता क्रीडा उपसमितीने लावला असून सभासदांना हुरूप यावा एवढाच त्यामागचा हेतू होता. थकबाकीचा विषय उपनिबंधकांकडे प्रलंबित असल्यामुळे तो कृपया येथे काढू नये.

साठेकाका, ए-१०१: यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला समजले नाही. कमी खावे, जास्त चालावे. निवृत्तीच्या दिवशी माझे जे वजन होते, तेच आजही आहे. सगळा प्रश्न जिभेवर ताबा ठेवण्याचा आहे.

रोहन, डी-६०४: काका, आपल्या जिभेच्या ताब्याचे कोजागरीच्या रात्रीचे, हातात चौथा बटाटेवडा असलेले छायाचित्र माझ्याकडे सुरक्षित आहे.

साठेकाका, ए-१०१: तो वडा प्रधानांचा होता. मी केवळ धरला होता.

नीलिमा, सी-२०३: वड्याचा निकाल आपण नंतर लावू. आहारतज्ज्ञांनी दिलेला आहार आणि रोजचे चालणे यांवर मी कित्येकदा वजन उतरवले आहे आणि दर वेळी ते परत चढले आहे. हा दीर्घकालीन आजार असून त्याचे उपचारही दीर्घकाळ चालतील, असे माझ्या डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले आहे. सोसायटीत मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहे. त्यांचे आकडे लिफ्टशेजारी लावून कोणाला हुरूप देण्याचे समितीला अद्याप सुचलेले नाही.

वैशालीकाकू, बी-१०२: आजार वगैरे म्हटले की माणूस प्रयत्न सोडतो, असे मला नम्रपणे वाटते. आमच्याकडे दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवतात आणि सर्वांच्या तब्येती उत्तम आहेत.

प्रधान, ए-४०३: आमच्याकडे दिवेकरांचे ऐकून थोडे-थोडे आणि वारंवार खातात. आमच्याही तब्येती उत्तम आहेत.

आपटे, सचिव: हा वाद या ग्रुपवर पूर्वी दोन दिवस चालला होता आणि तीन सभासद ग्रुप सोडून गेले होते. कृपया पुन्हा नको.

साठेकाका, ए-१०१: पुन्हा सांगतो. कमी खावे, जास्त चालावे. बाकी सर्व सबबी आहेत.

डॉ. मंजिरी, बी-५०२: साठेकाका, आपला सल्ला मीही रुग्णांना देते, परंतु वजन उतरल्यानंतर शरीर काय करते, ते त्यात येत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक (हार्मोन) तयार करतात, ज्याचा शोध १९९४ मध्ये लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते, भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि मेंदू ही उपासमार समजून गेलेले वजन परत मिळवण्याच्या मागे लागतो. भुकेच्या संप्रेरकांतील हे बदल वजन उतरल्यानंतर वर्षभरानेही टिकून असल्याचे अभ्यासात दिसले आहे. आणि विषय स्पर्धेचा आहे म्हणून सांगते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्यातील १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे सुमारे ४१ किलो वजन परत आले होते. एवढेच नव्हे, तर विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. सहा वर्षांनंतरही. ही माणसे आळशी असती, तर मुळात ५८ किलो उतरवू शकली नसती.

गोखले, कोषाध्यक्ष: डॉक्टर, माहितीबद्दल आभार. मात्र स्पर्धेसाठी ५,८०० रुपयांचा वजनकाटा घेतला आहे, हे सभासदांनी लक्षात घ्यावे.

वैशालीकाकू, बी-१०२: एक शंका विचारते, कोणी मनाला लावून घेऊ नये. डी विंगमधील पहिल्या क्रमांकाचे स्पर्धक इंजेक्शने घेत असल्याची चर्चा आहे. हे नियमांत बसते का? आम्ही भाकरी मोजून खायची आणि बक्षीस सुईला मिळायचे, हे काही बरोबर नाही.

रोहन, डी-६०४: काकू, ती चर्चा माझ्याविषयी आहे आणि ती आपल्याच भिशीत झाली, हेही मला कळले आहे. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, साखर वाढलेली आहे आणि उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहेत. बक्षिसाचा डबा आपण न्यावा. मी स्पर्धेतून नाव मागे घेतो.

वैशालीकाकू, बी-१०२: मी कोणाचेही नाव घेतले नव्हते.

नीलिमा, सी-२०३: फ्लॅट क्रमांकासह तक्ता लिफ्टशेजारी असताना नाव घेण्याची गरज पडत नाही.

डॉ. मंजिरी, बी-५०२: या इंजेक्शनांविषयी अर्धवट माहितीवर बोलले जाऊ नये, म्हणून लिहिते. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम ही औषधे करतात. भूक कमी होते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते. यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबर आणखी एका संप्रेरकाचे काम करते आणि त्याचा परिणाम याहूनही अधिक आहे. परंतु सेमाग्लुटाइड बंद केलेल्या रुग्णांचे घटलेले वजन वर्षभरात साधारण दोन-तृतीयांश परत आले. गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढला, तर आपण रुग्णाला दुबळ्या मनाचा म्हणत नाही. इथेही म्हणू नये. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात, पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह यांचीही नोंद आहे, चरबीबरोबर स्नायूही घटतात. त्यामुळे पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सुटत नाही. ज्यांच्या घरात थायरॉइडच्या ‘मेड्युलरी’ प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास आहे, त्यांना ही औषधे देत नाहीत. लग्नाआधी चार किलो उतरवण्यासाठी ओळखीच्या दुकानातून आणण्याची ही वस्तू नव्हे.

साठेकाका, ए-१०१: एवढे लांब वाचून शेवटी मुद्दा तोच राहतो. कमी खावे, जास्त चालावे. माझ्याकडे पाहा, माझे वजन ६४ किलो.

डॉ. मंजिरी, बी-५०२: काका, वजन ठीक आहे, कमरेचा घेर किती? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, सुमारे २२. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के. आपल्याकडची माणसे दिसतात सडपातळ, पण चरबी पोटात साठवतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तर कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात. लिफ्टशेजारच्या तक्त्यात यातले काहीच नाही. सूज, औषधे किंवा गर्भारपण यांमुळे कोणाचे वजन वाढले आहे, तेही त्यातून कळत नाही.

साठेकाका, ए-१०१: माझी कंबर हा ग्रुपवर चर्चेचा विषय नाही.

नीलिमा, सी-२०३: काका, आभार. सकाळपासून मी हेच म्हणत आहे.

प्रधान, ए-४०३: माझ्या मेहुण्यांना डॉक्टरांनी वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया सुचवली आहे. मेडिक्लेम मिळतो का? एजंट ‘लठ्ठपणा बसत नाही’ असे म्हणतो.

डॉ. मंजिरी, बी-५०२: सरसकट तसे नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार रुग्णाला १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने होत असावी, आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) यांसारखा गंभीर आजार असेल, तर ३५ पासून विचार होतो आणि कमी तीव्रतेचे उपाय करून पाहिलेले असावे लागतात. प्रतीक्षा कालावधी पॉलिसीत वाचावा. आणि शस्त्रक्रियेनंतरही जीवनसत्त्वे व तपासण्या आयुष्यभर चालू राहतात, हे मेहुण्यांना आधीच सांगावे.

आपटे, सचिव: उपसमितीशी बोलून तक्ता आताच काढला आहे. स्पर्धेऐवजी सकाळी सामूहिक चालणे ठेवू. हजेरी ऐच्छिक राहील आणि वजने घेतली जाणार नाहीत. डॉ. मंजिरी यांनी वेळ दिल्यास रविवारी क्लबहाउसच्या आतील खोलीत, एका वेळी एकच सभासद, अशा पद्धतीने रक्तदाब व कमरेचा घेर मोजता येईल.

गोखले, कोषाध्यक्ष: वजनकाट्याचे काय करायचे, तेही ठरावात यावे.

रोहन, डी-६०४: रद्दीवाल्याच्या काट्यावर कोणाचा विश्वास नाही. तेथे ठेवावा.

नीलिमा, सी-२०३: तक्ता काढल्याबद्दल आभार. परंतु त्याचे छायाचित्र उपसमितीनेच काल या ग्रुपवर टाकले होते. तेही हटवावे.

आपटे, सचिव: हटवले आहे. ज्यांनी आपल्या फोनमध्ये ते साठवले असेल, त्यांच्याबाबत समिती काही करू शकत नाही.

नीलिमा, सी-२०३: मग हे वाक्य जसेच्या तसे इतिवृत्तात लिहावे आणि खाली उपसमितीच्या तिन्ही सदस्यांच्या सह्या घ्याव्यात.