चांगला बोनस पदरात पडावा म्हणून काय केलंत? (अनुभव लिहा)

मनकवडी

भाची काल सेल्फ अप्रेझलचा फॉर्म घेऊन आली. नोकरीचं पहिलंच वर्ष. 'ठळक कामगिरी' या चौकटीत बाईसाहेबांनी लिहिलं होतं, "नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली." संपलं! पोरीने वर्षभर दुसऱ्या टीमचा घोळ निस्तरला, रात्री-अपरात्री फोन उचलले आणि लिहिलं काय, तर हे. वर मलाच म्हणते, "मावशी, साहेबांना सगळं माहितीये गं."

मला माझे एक जुने साहेब आठवले. बोनसची पत्रं हातात पडल्यावर मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकडा मी एकटा ठरवत नाही. आम्ही सगळे मॅनेजर एका खोलीत बसतो, वाटायची रक्कम आधीच ठरलेली असते आणि जो तो आपल्या माणसासाठी भांडतो. तुमच्यासाठी मला दोन मिनिटं मिळतात. त्यात मी बोलू काय?" तेव्हा भयंकर राग आला होता. पण शेजारचा मॅनेजर म्हणणार, "याच्यामुळे तक्रारी निम्म्यावर आल्या", आणि आपला म्हणणार, "बाई फार सिन्सिअर आहे". पैसे कुठे जाणार ते उघड आहे.

तेव्हापासून आठवड्याच्या शेवटी निघताना दोन ओळी खरडून ठेवते. काय केलं, त्याने काय फरक पडला, कुणाची कौतुकाची मेल आली. फॉर्म भरायच्या वेळी डोकं खाजवत बसावं लागत नाही.

तुमचंही लिहा. भाचीला वाचायला देणार आहे, तेव्हा जरा जपून :)

चष्मिस

दोन ओळींना +१. साहेब लोकांना शेवटचे दोन महिनेच आठवतात. वर्षाच्या सुरुवातीला केलेले पराक्रम सगळे पाण्यात. आमच्याकडे एक जण अप्रेझलच्या तोंडावर बरोब्बर महिनाभर रात्री उशिरापर्यंत थांबायचा. मेल पण मुद्दाम रात्रीच पाठवायचा. आणि दर वर्षी... जाऊ दे, बीपी वाढतं.

निवांत

आमच्याकडे सगळ्यांना सारखाच बोनस. झोपलेल्यालाही आणि त्याला उठवणाऱ्यालाही. त्यामुळे माझा पास.

सांजवारा

@निवांत, जागा आहे का तुमच्याकडे? झोपायचा दांडगा अनुभव आहे.

खुर्चीपलीकडचा

मी त्या खोलीत बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बऱ्याच ठिकाणी हिशोब असा असतो: ठरलेली टक्केवारी गुणिले कंपनीचा निकाल गुणिले तुमचं रेटिंग. समजा, तुमचा बोनस पगाराच्या १० टक्के ठरलाय. कंपनीचं वर्ष जेमतेम गेलं, गुणक ०.८. तुम्ही उत्तम काम केलंत, गुणक १.२. गुणाकार करा, ९.६ टक्के येतात. म्हणजे उत्तम काम करूनही ठरल्यापेक्षा कमीच. लोक येऊन भांडतात, पण ऑफर लेटर आणि बोनसची पॉलिसी कुणी वाचलेलीच नसते. आधी ती वाचा.

दुसरं म्हणजे, खोलीत खरं वजन तुमच्या मॅनेजरच्या शब्दाला नसतं, दुसऱ्या विभागाच्या मॅनेजरच्या शब्दाला असतं. मी माझ्या माणसाची स्तुती करणारच, त्यात काय मोठंसं? पण पलीकडचा कुणी म्हणाला, "हो, आमचं अडलेलं काम तिनेच सोडवलं", की वाद तिथेच मिटतो. तेव्हा दुसऱ्या विभागाला मदत केलीत तर त्यांना दोन ओळींची मेल टाकायला सांगा, तुमच्या साहेबाला सीसी करून. यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं, पत्र हातात आल्यावर बोलून काही होत नाही. रेटिंग गोठवायच्या दोनेक महिने आधी भेटा आणि सरळ विचारा, "मी आत्ता कुठे आहे? वरच्या रेटिंगसाठी काय कमी पडतंय?" असं विचारणारा माणूस साहेबाच्या लक्षात राहतो. आणि कृपा करून "अमक्याला माझ्यापेक्षा जास्त का" हे वाक्य उच्चारू नका. त्यावर मॅनेजरला काही बोलताच येत नाही, संभाषण तिथेच बंद पडतं.

झणझणीत

थोडक्यात काय, साहेबाची मर्जी सांभाळा. एवढ्यासाठी केवढं लिहिलंत! (दिवे घ्या)

खुर्चीपलीकडचा

घेतले :) पण नुसत्या मर्जीवर आणलेला माणूस बाकीच्यांच्या चार प्रश्नांत उघडा पडतो. पाहिलंय.

झणझणीत

आणि न पडलेले? तेही पाहिलेच असतील की.

खुर्चीपलीकडचा

तेही पाहिलेत.

पायवाट

बाळ झोपलंय तोवर पटकन लिहिते. मी त्या वर्षी बाळंतपणाच्या रजेवर होते. उरलेल्या महिन्यांत जीव तोडून काम केलं, तरी रेटिंग 'सरासरी'. कारण काय, तर "तू फारशी दिसली नाहीस". पुढे एचआरमधल्या मैत्रिणीने सांगितलं, रजेवर जायच्या आधीच लेखी विचारून घ्यायचं की बोनस हजर महिन्यांच्या प्रमाणात मिळणार का आणि रेटिंग कुठल्या कामावर ठरणार. आणि जाण्याआधी झालेल्या कामाचा गोषवारा मेल करून जायचं. रजेवरून आल्यावर कुणाला काही आठवत नाही. उठलं बाळ. बाकी नंतर

चष्मिस

पायवाट, वाईट वाटलं गं वाचून. 'दिसली नाहीस' म्हणे!

मनकवडी

अगदी. आणि तू इतक्या महिन्यांनी दिसलीस इथे! बाळाचं अभिनंदन, नाव काय ठेवलंत? विपूत (विचारपुशीत) सांग.

गणपुले_गणिती

त्या सरासरीमागे कर्व्हही असू शकतो, म्हणजे कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं याचा आधीच ठरलेला कोटा. जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी विभागणी करायचे. वरच्यांवर बोनसची खैरात, तळाच्यांना नारळ. मग इतर कंपन्यांनीही ते उचललं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी क्रमवारी बंद केली, अ‍ॅडोबीने तर २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझलच काढून टाकलं. पण पुष्कळ ठिकाणी नाव बदलून कर्व्ह शिल्लक आहे. टीममध्ये सगळेच वाघ असतील तर एका वाघाला शेळी व्हावंच लागतं. टीम निवडायची संधी असेल तर हेही बघा.

सांजवारा

आमच्या टीममध्ये मी एकटाच शेळी, त्यामुळे कर्व्हला काही त्रास नाही.

फिरता_विक्रेता

सेल्सवाल्यांचं वेगळंच असतं बुवा. आमच्यात रेटिंग वगैरे नाही, नुसता आकडा. टार्गेटच्या अमुक टक्क्यांच्या खाली राहिलात तर शून्य आणि शंभराच्या वर गेलात की दर वाढतो. म्हणून वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात स्कीमचा कागद घेऊन बसायचं. ऑर्डर मिळाली की पैसे, की ग्राहकाने बिल भरल्यावर? ऑर्डर रद्द झाली तर परत कापणार का? आमच्यातले निम्मे जण हे चौथ्या तिमाहीत विचारतात.

अवांतर: आमच्या कॉल सेंटरवाल्यांना 'दिवसाला इतके कॉल' असं टार्गेट दिलं, तर लोक ग्राहकाचं पूर्ण ऐकून न घेताच फोन ठेवायला लागले. बोनस मिळाला, ग्राहक गेले.

गणपुले_गणिती

यालाच गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, १९७५. मोजमापालाच टार्गेट बनवलं की त्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही.

झणझणीत

गणपुले, तुमच्याकडे प्रत्येक दुखण्याला साहेबी नाव तयार असतं. औषधाचंही सांगत जा.

हिशेबनीस

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोनस मूळ पगाराच्या टक्क्यांत असेल तर जोर पगारवाढीवर लावा. बोनस एकदाच मिळतो, पण वाढलेला मूळ पगार पुढच्या प्रत्येक बोनसला वर उचलतो. "यंदा बोनस घे, पगारवाढ पुढच्या वर्षी बघू" असं गोड बोलून सांगतात तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आणि राजीनामा! बऱ्याच पॉलिसींमध्ये अट असते की पैसे देण्याच्या दिवशी तुम्ही नोकरीत हवे आणि नोटिस पिरियडमध्ये नको. माझ्या मित्राने आठवडाभर आधी राजीनामा दिला आणि वर्षभराचा बोनस गेला. खात्यात पैसे दिसेपर्यंत गप्प बसावं. जॉइनिंग बोनसची तर वेगळीच गंमत, ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर परत द्यावा लागतो.

चष्मिस

बापरे, हे माहीत नव्हतं. नवऱ्याला लिंक पाठवली. तो उद्या देणार होता!!

हिशेबनीस

आधी पॉलिसी वाचायला सांगा. आजच.

आळसावलेली

वाचतेय. एक प्रश्न. माझे साहेब याच महिन्यात दुसऱ्या विभागात चाललेत. नव्या मॅडमना माझं काहीच माहीत नाही. फॉर्मला अजून अवकाश आहे. आता काय?

खुर्चीपलीकडचा

जाण्याआधी त्यांच्याकडून आजवरच्या कामाचा अभिप्राय लेखी घ्या, जमल्यास सिस्टिममध्येच. "तोंडी सांगून ठेवतो" वर विसंबू नका. त्यांना सोपं जावं म्हणून कच्चा मजकूर तुम्हीच लिहून द्या, ते दोन शब्द बदलून पाठवतील. मग नव्या मॅडमची वेळ घ्या, जुनी उद्दिष्टं दाखवा आणि तीच कायम आहेत की बदलणार, ते विचारा. बदलणार असतील तर मेलवर घ्या.

आळसावलेली

थँक्यू! मजकूर लिहायला घेते. ते शुक्रवारपर्यंतच आहेत.