ग्रॅफाइटला म्हणे काही होत नाही!

अबोली_
न्यूट्रिनोच्या धाग्यावर काल तिरकस_नानांनी पिंक टाकली: "प्रोटॉनच्या माऱ्याने ग्रॅफाइट खराब होतं ही अनुदानासाठी उठवलेली आवई आहे. शिसपेन्सिलीतला माल तो, तीन हजार अंशांनाही दाद देत नाही. टार्गेटं जातात ती पाण्याच्या गळतीने." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा. (टार्गेट म्हणजे न्यूट्रिनोसारखे कण मिळवायला ज्यावर प्रोटॉनचा झोत, म्हणजे बीम, आदळवतात ते ग्रॅफाइट.)

नाना, वितळण्याचा प्रश्नच नाही. प्रोटॉनच्या धक्क्याने कार्बनचा अणू जागेवरून उडतो आणि दोन थरांच्या मधे जाऊन बसतो. मागे खड्डा राहतो. असे पुष्कळ साठले की थर एकमेकांपासून रेटले जातात. स्फटिक उभा फुगतो, आडवा आकसतो. उष्णता वाहून नेण्याची ताकद तर सगळ्यात आधी ढासळते, म्हणजे तेच टार्गेट त्याच बीमखाली आतून जास्त तापायला लागतं. वर, एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन अणुकेंद्रच फोडतो आणि त्यातून आतल्या आत हीलियम साठतो. अणुभट्टीतल्या ग्रॅफाइटला हा त्रास त्या मानाने कमी.

अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेत न्यूमी नावाचा न्यूट्रिनोंचा झोत बनवतात, त्याचं दुसरं टार्गेट घ्या, एनटी-०२. ४७ तुकडे, प्रत्येक २० मिमी लांब आणि जेमतेम ६.४ मिमी रुंद, १२० जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन. टार्गेट चालू होतं, पण ते मोजणाऱ्या मिनॉस प्रयोगाला मिळणारे न्यूट्रिनो हळूहळू दहा-पंधरा टक्क्यांनी घटले. पुढे उघडून पाहिलं तर काही तुकडे बरोबर बीमच्या रेषेत चिरलेले.

विद्यार्थी असताना मारा खाल्लेली एक चकती मी हॉट सेलच्या, म्हणजे किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या बंद खोलीच्या, जाड, पिवळट काचेतून पाहिली आहे. यांत्रिक हाताने नुसती उचलली तर कड भुरभुरली. शेजारी उभे असलेले आमचे सर एवढंच म्हणाले, "गेली दोन वर्षं."

तिरकस_नाना
पिंकेबद्दल आभार. ४७ तुकडे मोजलेत, पण त्याच न्यूमीचं पहिलं टार्गेट २००५ मध्ये सुरू होताहोताच पाण्याने गळलं, ते सोयीस्कर गाळलंत. नंतरचीही काही पाण्यापायीच गेली. स्वित्झर्लंडला पीएसआय या संशोधन संस्थेत टार्गेट म्हणून ग्रॅफाइटचं चाक सेकंदाला एक फेरा मारतं. ५९० एमईव्ही ऊर्जेचा बीम, दोन मिलिअँपियरच्या वर, पाणी नाहीच. लालबुंद होऊन नुसतं झळ टाकत थंड होतं. तिथे आधी काय जातं? बेअरिंग!

३१ वर्षं मेंटेनन्स केला आहे. पंप बसला की साहेबलोक धातूची तपासणी मांडायचे, आम्ही ऑइल सील बदलून घरी जायचो.

मूसवाला
मी कोल्हापूरचा, पितळ ओतण्याचा धंदा. नवी मूस (धातू वितळवायचं ग्रॅफाइटचं भांडं) आली की वडील लाकडी दांड्याने हळूच टिचकी मारून कान लावायचे. खणखणली तर ठेवायची, बद्द वाजली तर परत. एकदा घाईत न ऐकता भट्टीत घातली, सगळा रस तळाशी! वरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, उडालं की ग्रॅफाइट हवेत जळतं आणि भिंत पातळ होते. १९५७ ला इंग्लंडात विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागलीच ना? मग टार्गेट का पेटत नाही?

अबोली_
विंडस्केल हवेने थंड होणारी, कमी तापमानावर चालणारी भट्टी. उडालेले अणू तिथे जागेवर परत यायला पुरेसं तापमान नव्हतं, त्यामुळे त्यांच्यात ऊर्जा साठत गेली. तिलाच विग्नर ऊर्जा म्हणतात. ती सोडवायला मुद्दाम तापवत असताना प्रकरण हाताबाहेर गेलं. टार्गेट गरमच चालतं, म्हणून बरीच मोडतोड तिथल्या तिथे भरून निघते. आणि ते हवेत नसतं. जपानच्या टी२के या न्यूट्रिनो प्रयोगाचं हीलियमच्या झोतात असतं.

कंदीपेढा
विंडस्केलला मुख्यतः इंधन जळलं, ग्रॅफाइट बरंचसं शाबूत होतं, असंच आता मानतात. आणि मूसवाले, तुमची मूस शुद्ध ग्रॅफाइट नसतेच. माती मिसळलेली असते. तुलनाच चूक.

मूसवाला
मला मूस शिकवता? माती किती असते ते मी जीभ लावून सांगतो. तुम्ही मूस हातात तरी धरली आहे का कधी?

कंदीपेढा
जीभ लावा, खुशाल लावा. पण मग "ग्रॅफाइट जळतं" असं सरसकट ठोकू नका.

मूसवाला
सरसकट कोण बोललं? "हवेत" हा शब्द गिळलात तुम्ही. पुस्तकी लोकांशी हाच ताप आहे. ग्लेझ उडालेली मूस पाठवतो, बोट घाला नि पाहा काळं होतं का.

तिरकस_नाना
धागा मुशीत गेला.

अबोली_
नाना, तुमच्याच चाकाकडे वळू. त्याची कड १२ भागांत कापून मधे तिरप्या फटी का ठेवल्या आहेत? शोभेसाठी? ग्रॅफाइटचा आकार बदलणार हे गृहीत धरूनच ना? बेअरिंग आधी जातं, कारण ग्रॅफाइटची सोय आधीच केली आहे.

तिरकस_नाना
बरं. फुगतं. लिहून घ्या, तारीख टाका. बेअरिंग तरीही आधी जातं.

मूसवाला
ताई, शेवटचं विचारतो. जुनं टार्गेट टिचकी मारून ओळखता येईल का?

अबोली_
हात लावायची सोय नाही, पण ध्वनीच्या वेगावरून ताठरपणा मोजतात, म्हणजे तुमच्या वडिलांचंच काम. फक्त गंमत अशी की मारा खाल्लेलं ग्रॅफाइट सुरुवातीला ताठर होतं. तडा गेला नसेल तर नव्यापेक्षा चढ्या सुरात वाजेल.

मूसवाला
म्हणजे आमच्या आबांनी ते ठेवून घेतलं असतं.

तिरकस_नाना
बेअरिंगही जाण्याआधी वाजतं, ताई.