‘हेस्टी’ म्हणजे वेगवान का?

प्रश्न : मुलीने इंग्रजी निबंधात ‘हेस्टी ट्रेन’ लिहिलं आणि बाईंनी ते खोडलं. कोशात ‘हेस्टी’चा अर्थ ‘घाईचा’ दिलाय. मग चुकलं काय?

उत्तर : बाईंनी खोडलं ते योग्यच. गाडी ‘फास्ट’ असते. ‘हेस्टी’मध्ये वेगाबरोबर विचार अपुरा राहिल्याची किंवा वेळ कमी पडल्याची छटा येते, म्हणून तो शब्द माणसाला आणि माणसाच्या करणीला लागतो. ‘हेस्टी डिसिजन’ म्हणजे तडकाफडकी घेतलेला निर्णय, आणि तो बहुधा चुकीचा, असं बोलणाऱ्याला सुचवायचं असतं. दोष मात्र दर वेळी नसतो. फलाटावरचा ‘हेस्टी गुडबाय’ हा फक्त घाईत घेतलेला निरोप. ‘हेस्टी रिट्रीट’ला तर मराठीत ‘काढता पाय घेणे’ हा चपखल वाक्प्रचार आहे.

आपल्या बडोद्यात हा घोटाळा होण्याचं आणखी एक कारण मला दिसतं. गुजरातीत ‘उतावळ’ म्हणजे साधी घाई. रावपुऱ्यातल्या दुकानदाराला ‘मने उतावळ छे’ म्हटलं तर त्यात वावगं काही नाही, आणि आमच्या घरात तर ‘मला उतावळ आहे’ असं सर्रास बोलतात. प्रमाण मराठीतला ‘उतावीळ’ मात्र दोषच दाखवतो. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा उतावळाच असतो. ‘उतावळे आंबा न पाके’ या म्हणीत गुजराती शब्दही दोषाकडे झुकतो, पण रोजच्या बोलण्यात नाही. ‘डोन्ट बी हेस्टी’मधला ‘हेस्टी’ आपल्या मराठी ‘उतावीळ’च्या जवळचा आहे. मुलांना हा फरक समजावून सांगायलाच हवा, कारण त्यांच्या कानावर तिन्ही भाषा एकदमच पडतात.

तर्कशास्त्रातलं ‘हेस्टी जनरलायझेशन’ही इथे आठवतं. दोनचार उदाहरणांवरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढणं, हा त्यातला दोष. काही जण त्याला ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतात, ते मला पटत नाही. भात एकाच पातेल्यात शिजतो, म्हणून शिताची परीक्षा खरी ठरते. माणसं तशी एकसारखी नसतात.

पुरवणी प्रश्न : मग ‘हेस्ट’ही वाईटच का?

उत्तर : नाही. ‘इन हेस्ट’ म्हणजे घाईत. ‘मेक हेस्ट’ म्हणजे लवकर कर, पण ते आता जुनाट वाटतं; बोलताना ‘हरी अप’च म्हणावं. ‘आय हेसन टु ॲड’ म्हणजे गैरसमज होण्याआधीच जोडून सांगतो. त्यात उलट दक्षताच आहे. आणि हो, ‘हेसन’मधला ‘ट’ लिहायचा, उच्चारायचा नाही.