हॉरर पिक्चरची मजा परत आलीये, आता पुढे काय बघू?

घाटमाथा:
मधली बरीच वर्षं हॉरर बघायचा म्हणजे आधी रेटिंग, मग रिव्ह्यू, शेवटसुद्धा कुठेतरी वाचून झालेला असायचा आणि पिक्चर चालू असताना दिग्दर्शकाला काय म्हणायचंय तेच शोधत बसायचो, त्यामुळे घाबरायचं राहूनच जायचं. परवा मावशीकडे सगळी भावंडं जमली, कोणीतरी २००३ चा 'भूत' लावला. लाइट बंद, मोबाईल सगळ्यांचे आतल्या खोलीत. त्यात गाणं एकही नाही, म्हणजे मधे श्वास घ्यायलाही जागा नाही, आणि उर्मिलाची ती नजर! मावसबहिणीने माझं मनगट असं आवळलं होतं की नखं उमटली. एका किंचाळीनंतर आख्खी खोली दचकली आणि लगेच खो खो हसत सुटली. किती साधी मजा आहे ही! तर पुढचा सुचवा, रक्तमांस जास्त नको.

रानपाखरू:
तुंबाड. २०१८ ला थेटरात फार चालला नाही, पण २०२४ ला परत लावला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. मूळ प्रेरणा आपल्या नारायण धारपांच्या कथेची. त्यातला पाऊस खरा आहे, कित्येक पावसाळे थांबून शूट केलंय, ती ओल अंगाला लागते अक्षरशः. आणि ती आजी, तो मेकअपमधला मोहम्मद समद आहे, पांडुरंग झालेला मुलगा तोच. पण हे बघून झाल्यावर वाचायचं, आधी नाही. फार लहान मुलं असतील तर नको.

उसाचा_फड:
लपाछपी बघा, २०१७ चा, पूजा सावंत. भर दुपारच्या उन्हात, उसाच्या फडात भीती वाटते त्यात. फडात चार पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही, नुसती पाल्याची सळसळ, आमच्याकडे लहानपणी एकटं जाऊच द्यायचे नाहीत. उषा नाईक जेवायला वाढताना सुद्धा धडकी भरते. 'छोरी' याचाच रिमेक, पण आधी मराठीच बघा.
अजून एक, टीव्हीचा आवाज पातळ असतो, खालचे सूर येतच नाहीत, साधा का होईना पण स्पीकर जोडा. आणि शांत सीनला कोणी रिमोटला हात लावायचा नाही, त्या शांततेवरच तर दचकणं अवलंबून असतं.

जुनी_टॉकीज:
भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंना विसरू नका राव. 'पुराना मंदिर' १९८४ चा. धूर, निळा लाइट, करकरणारं दार, आणि सामरी नावाचा सैतान झालेला अनिरुद्ध अग्रवाल नुसता उभा राहिला तरी पुरे. आज काही सीन जुने वाटतील, वाटू देत, चुका काढायला बसलात तर गेलं सगळं. नव्वदीत त्यांचाच झी हॉरर शो लागायचा, म्युझिक सुरू झालं की आम्ही पांघरुणात.

मध्यरात्र:
माझं मत थोडं वेगळं. घोळक्यात मजा येते, मान्य, पण खरी भीती एकट्यानेच. राम गोपाल वर्माचा 'रात', १९९२, रेवती काय काम करते! कॅमेरा असा सरपटत फिरतो की आपण भुताच्याच डोळ्यांनी बघतोय असं वाटतं. सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बघा.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार. शनिवारी लपाछपी, स्पीकर दादाकडून आणतो. 'रात' मात्र मी एकटाच बघणार, ठरलं. पुराना मंदिरची चांगली प्रिंट कुठे मिळेल, कोणाला माहितीये का?